सोलापूर ते न्यू जर्सी: विमान किती तास आणि प्रवास किती तास

लेकीकडे अमेरिकेला जाऊन आल्यापासून गल्लीत मला एकच प्रश्न विचारला जातो, "बाई, विमानात किती तास बसायला लागतं?" मी म्हणते, साडेपंधरा तास. मग पुढचा प्रश्न येतो, "म्हणजे सकाळी निघालो की रात्री पोचलो?" इथे मात्र मी हात जोडते. सोलापुरातल्या घराचं कुलूप लावल्यापासून लेकीच्या दारात चप्पल काढेपर्यंत आम्हाला सत्तेचाळीस तास लागले. त्यातले साडेपंधरा विमानाचे होते. उरलेले साडेएकतीस कुठे गेले ते कोणी सांगत नाही. या लेखात मुख्यतः त्यांचाच हिशोब आहे.

मी शाळेत अठ्ठावीस वर्षं भूगोल शिकवला. रेखांश, प्रमाणवेळ, आंतरराष्ट्रीय वाररेषा, सगळं फळ्यावर काढून दाखवलं. तरीही स्वतःच्या प्रवासात तारखेची अशी चूक केली की वरच्या मजल्यावरच्या नववीतल्या मुलीने ती पकडली. तेव्हा ज्यांनी भूगोल दहावीनंतर सोडला त्यांनी मनाला लावून घेऊ नये. ती चूक पायरी ४ मध्ये आहे.

उदाहरण मुंबई ते न्यूयॉर्कचं घेतलंय, कारण न्यू जर्सीला लेकीकडे जाताना मी तिथेच उतरले. तुमची मुलं टोरांटोला असोत की सिडनीला, पद्धत तीच.

पायरी १: आधी अंतर स्वतः मोजा

इंटरनेटवर अंतर मिळतं हे मलाही माहीत आहे. पण एकदा हाताने मोजलं की मार्ग कळतो आणि मार्ग कळला की तिकिटं पाहताना फसगत होत नाही.

लागणारं साहित्य: पृथ्वीचा गोल, दोरा आणि पट्टी. गोल कुठल्याही शाळेत मिळेल. दोरा तर सोलापुरात मागायलाच नको, पूर्व भागात कुठल्याही कारखान्यासमोर उभं राहिलात तरी पायाला सूत लागेल.

दोऱ्याचं एक टोक मुंबईवर धरा, दुसरं न्यूयॉर्कवर आणि दोरा ताणा. सैल ठेवू नका. ताणलेला दोरा आपोआप सर्वांत जवळचा मार्ग धरतो. मग पाहा तो कुठून जातो. आमच्या ह्यांना वाटलं होतं की विमान अरबी समुद्र, मग आफ्रिका, मग अटलांटिक असं सरळ पश्चिमेला जाणार. भिंतीवरचा नकाशा बघून कोणालाही तसंच वाटेल. पण दोरा निघाला वायव्येला. पाकिस्तान, अफगाणिस्तान, मध्य आशिया, रशिया आणि वर वर जात थेट आइसलँडच्या खालच्या अंगाला, म्हणजे जवळजवळ ६५ अंश उत्तर अक्षांशापर्यंत. तिथून ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाजवळून कॅनडा आणि मग न्यूयॉर्क. मुंबई १९ अंशांवर, न्यूयॉर्क ४१ अंशांच्या आसपास आणि वाट मात्र ६५ अंशांवरून. गोलावर हेच सरळ असतं. भूगोलात याला बृहद्वृत्त म्हणतात.

सपाट नकाशावर पट्टी ठेवून जी 'सरळ' रेघ काढाल, त्या रेघेने गेलात तर सुमारे १४,२०० किलोमीटर पडतील. दोऱ्याच्या वाटेने साधारण १२,५००. नकाशावरची सरळ रेघ दीड हजार किलोमीटरहून जास्त लांबची, हे वर्गात सांगितलं की पोरं हसायची.

आता दोरा पट्टीवर मोजा. शाळेतला गोल बहुधा बारा इंची असतो. त्याचा घेर सुमारे ९६ सेंटिमीटर आणि पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर. म्हणजे दोऱ्याचा १ सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४१८ किलोमीटर. माझा दोरा बरोबर ३० सेंटिमीटर भरला. करा गुणाकार.

पृथ्वीवर कुठलीही दोन ठिकाणं एकमेकांपासून २०,००० किलोमीटरपेक्षा लांब असूच शकत नाहीत, कारण तो अर्धा घेर झाला. त्या मानाने लेक अगदीच टोकाला नाही, असं मी स्वतःला समजावलं.

इतरांसाठी मुंबईपासूनची ढोबळ अंतरं: टोरांटो १२,५००, सॅन फ्रान्सिस्को १३,५००, सिडनी १०,१५०, लंडन ७,२०० किलोमीटर. सॅन फ्रान्सिस्कोवाल्यांनी दोरा जरूर ताणून बघावा, तो जवळजवळ उत्तर ध्रुवाच्या अंगणातून जातो.

पायरी २: अंतरावरून तास काढा

मोठी जेट विमानं उंचावर ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडतात. पण उड्डाण, चढण, उतरण आणि धावपट्टीवरची रांग धरून माझा घरगुती हिशोब असा: किलोमीटरला ८५० ने भागायचं आणि पाऊण तास मिळवायचा.

१२,५०० भागिले ८५० म्हणजे १४.७. त्यात पाऊण तास. झाले साडेपंधरा. तिकिटावरही जवळपास तेवढेच होते, तेव्हा ह्यांच्याकडून पहिल्यांदा कौतुक ऐकलं.

मात्र यात वारा धरलेला नाही. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा जोरदार झोत वाहतो. हिवाळ्यात तो आणखी तापट होतो. पश्चिमेला जाताना तो समोरून येतो, परत येताना पाठीशी असतो. म्हणून त्याच दोन गावांमध्ये जायला जास्त आणि यायला कमी वेळ लागतो. आमचं येताना साडेचौदा तासांत आटोपलं. लंडन-न्यूयॉर्कचंही तसंच. जायला आठेक तास, यायला सातेक. तिकिटावर दोन दिशांचे वेगवेगळे तास दिसले तर छपाईची चूक समजू नका.

दुसरी गोष्ट हद्दीची. दोरा कुठल्या देशांवरून गेला ते आठवा. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांसाठी आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हापासून भारतीय कंपन्यांच्या पश्चिमेकडच्या विमानांना वळसा घालावा लागला. अमेरिकन आणि युरोपीय कंपन्यांना २०२२ च्या फेब्रुवारी-मार्चपासून रशियाची हद्द बंद झाली. म्हणजे त्याच दिवशी, त्याच दोन विमानतळांमध्ये, दोन कंपन्यांचे तास वेगळे असू शकतात. म्हणून शेजारच्यांनी पाच वर्षांपूर्वी सांगितलेले तास धरून बसू नका. ज्या तारखेला, ज्या कंपनीने जाणार आहात, तिथले बघा.

पायरी ३: तिकिटावरची वेळ वाचायला शिका

इथे सगळ्यांचा घोळ होतो. तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या गावची असते आणि पोचण्याची वेळ पोचण्याच्या गावची. कुठेही 'भारतीय वेळ' म्हणून वेगळं लिहिलेलं नसतं.

आमचं विमान मुंबईहून ०१:५५ ला सुटणार होतं आणि न्यूयॉर्कला ०७:५५ ला उतरणार होतं, त्याच तारखेला. हे म्हणाले, "सहाच तास? मग एवढं तिकीट कशाला?" परतीचं विमान तिकडून सकाळी ११:३० चं आणि मुंबईला दुसऱ्या दिवशी सकाळी ११:३० ला. म्हणजे चोवीस तास! आजही हे पानाच्या टपरीवर सांगतात की आम्ही गेलो सहा तासांत आणि आलो चोवीस तासांत.

हिशोब असा करा:

१. पोचण्याची वेळ भारतीय वेळेत बदला. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असतं. म्हणून ०७:५५ मध्ये ९:३० मिळवा. झाले १७:२५.

२. त्यातून निघण्याची वेळ वजा करा. १७:२५ वजा ०१:५५ म्हणजे १५ तास ३० मिनिटं.

३. परतीला उलट. ११:३० ला तिकडून निघालो म्हणजे आपल्याकडे रात्रीचे ९ वाजलेत. दुसऱ्या दिवशी ११:३० पर्यंत साडेचौदा तास.

'उन्हाळ्यात' हा शब्द मुद्दाम लिहिलाय. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे. हिवाळ्यात फरक साडेदहा तासांचा होतो. आपल्याकडे असलं काही नाही, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर आख्खा देश वर्षभर चालतो. दिवाळीत गेलात आणि मधेच नोव्हेंबर लागला तर लेकीच्या फोनची वेळ एका तासाने सरकणार, हे आधी माहीत असलेलं बरं.

पोचण्याच्या वेळेपुढे बारीक '+१' दिसला तर त्याचा अर्थ दुसरी तारीख. जावई विमानतळावर घ्यायला येणार असेल तर त्याला वेळेबरोबर तारीखही कळवा.

पायरी ४: मध्यरात्रीच्या तारखेचा सापळा

आता माझी चूक.

विमान १५ मेचं, ०१:५५. मी विचार केला, १४ च्या रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघू, १५ ला सकाळी मुंबईत, दिवसभर नणंदेकडे आराम, रात्री विमान. रेल्वेचं आरक्षण केलं, नणंदेला पुरणपोळीचा बेत कळवला. वरच्या मजल्यावरची मुलगी माझ्याकडे नकाशे भरायला येते. तिने कॅलेंडरवरच्या माझ्या खुणा पाहिल्या आणि म्हणाली, "बाई, तुमची गाडी कल्याणला पोचेल तेव्हा विमान युरोपच्या तोंडाशी असेल."

१५ तारखेचे ०१:५५ म्हणजे १४ ची रात्र सरून उजाडायच्या आतले दोन. आपल्या बोलण्यात ती '१४ ची रात्र'च असते. आपला दिवस सूर्योदयाला सुरू होतो, तिकिटाचा बाराच्या ठोक्याला. भारतातून अमेरिका-युरोपला जाणारी कितीतरी विमानं मध्यरात्र ते पहाट या वेळात सुटतात, म्हणून हा सापळा फार जणांना लागतो.

उपाय साधा आहे. विमानाची वेळ ००:०० ते ०५:०० मधली असेल तर कॅलेंडरवर आदल्या तारखेच्या चौकटीत लिहा: 'आज रात्री ९ ला घरातून विमानतळाकडे'. विमानाची तारीख लिहूच नका, निघण्याची लिहा. आम्ही आरक्षण बदलून १३ च्या रात्रीचं केलं. पुरणपोळी एक दिवस आधी झाली.

पायरी ५: सोलापुरातून कुठला विमानतळ?

या पायरीवर जास्त वेळ घालवा. तास वाचतात ते इथे.

सोलापूरकर डोळे मिटून मुंबई धरतो. पण सरळ रेषेत मोजलं तर सोलापूरपासून मुंबईचा विमानतळ सुमारे ३६० किलोमीटर आणि हैदराबादचा सुमारे २७०. रस्त्याने हैदराबाद साधारण ३०० किलोमीटर आणि मुंबई ४०० च्या घरात. शिवाय रस्त्याचा स्वभाव वेगळा. हैदराबादला नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, जहीराबाद, संगारेड्डी असं सरळ जायचं आणि पाटनचेरूजवळ बाह्यवळण रस्ता पकडला की शहरात न शिरता शमशाबादच्या विमानतळावर. मुंबईला आधी पुणे, मग घाट, मग मुंबई. पूर्व भागातल्या तेलुगू घरांतली मंडळी हे पिढ्यान्‌पिढ्या जाणतात, त्यांचे निम्मे नातेवाईकच तिकडे. आम्ही उगाच मुंबई-मुंबई करत बसतो.

तीन पर्याय मी वहीत मांडले होते. दार ते दार, भारतीय तासांत:

सिद्धेश्वरने मुंबई, दिवसभर नातेवाइकांकडे, मध्यरात्री थेट विमान: १३ ला रात्री साडेनऊला घर सोडलं, १५ ला रात्री साडेआठला (तिकडचे सकाळचे अकरा) लेकीच्या घरी. सत्तेचाळीस तास. लांब, पण मधे अंघोळ, जेवण आणि पाठ टेकायला गादी.

वंदे भारतने मुंबई: पहाटे सहाच्या सुमारास सुटते, दुपारी साडेबाराच्या सुमारास मुंबईत. आठवड्यातून एक दिवस ती नसते, ते आधी पाहा. हे साधारण एकोणचाळीस तास होतात. दुपार ते रात्र कुठे काढायची हा प्रश्न उरतो.

गाडीने हैदराबाद आणि आखातातून एक थांबा: संध्याकाळी सातला निघालात तर रात्री एकपर्यंत विमानतळ. चारच्या सुमाराचं विमान, दुबईला चारेक तास, तीन तासांचा थांबा, पुढे न्यूयॉर्क चौदा तास. सगळं धरून तेहतीस-चौतीस तास. अंतर मुंबईच्या थेट विमानापेक्षा हजारेक किलोमीटर जास्त, तरी दार ते दार वेळ कमी! मात्र रात्रीचा रस्ता, ड्रायव्हर खात्रीचा हवा.

मी मुंबई निवडली कारण ह्यांचे गुडघे. एका विमानातून उतरून दुसऱ्याचं दार शोधणं त्यांना झेपलं नसतं. तुमचे गुडघे ठीक असतील तर हैदराबाद बघाच.

आता आपल्या होटगी रोडच्या विमानतळाबद्दल. विमानांच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ ला पाडली, नव्या रूपाचं उद्‌घाटन सप्टेंबर २०२४ मध्ये झालं आणि २०२५ मध्ये जूनला गोव्याची, ऑक्टोबरला मुंबईची सेवा सुरू झाली. तिकिटावर त्याचं नाव 'एसएसई' असं येतं. तासाभरात मुंबई, कोणाला नको? पण तीन गोष्टी तपासल्याशिवाय त्यावर परदेशाचं विमान बेतू नका.

एक, वेळापत्रक. छोट्या गावांच्या सेवा रोज असतीलच असं नाही आणि हंगामाप्रमाणे बदलतात. दोन, सामान. अमेरिकेच्या तिकिटावर बहुधा माणशी २३ किलोच्या दोन बॅगा चालतात. देशांतर्गत विमानात साधारण १५ किलोच. वरच्या प्रत्येक किलोला पैसे. सोलापुरी चादरींचे गठ्ठे नेणार असाल तर हिशोब आताच करा. तीन, वेगळं तिकीट. याचीच पुढची पायरी.

पायरी ६: एकच तिकीट की दोन?

सोलापूर ते मुंबई एक तिकीट आणि मुंबई ते न्यूयॉर्क दुसरं, वेगवेगळ्या पीएनआरची, असं असेल तर पहिलं विमान उशिरा आलं म्हणून दुसरी कंपनी थांबत नाही आणि पैसेही सहसा परत देत नाही. तिच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत. परदेशात मधे थांबा असला तरी हेच. ओळखीतल्या एका जोडप्याने स्वस्त पडतं म्हणून दोन वेगळी तिकिटं काढली. मधल्या विमानतळावर बॅगा घेऊन पुन्हा द्यायच्या होत्या. त्यासाठी त्या देशात शिरायला लागणार होतं आणि त्यांच्याकडे तिथला व्हिसा नव्हता. अठरा तास बाकावर.

म्हणून परदेशाचा सगळा प्रवास एका पीएनआरवर काढा. बॅग थेट शेवटच्या गावाची लागते आणि पहिलं विमान चुकलं तर पुढची सोय कंपनी करते. सोलापूर-मुंबई हा तुकडा वेगळा असणारच असेल तर मधे किमान बारा तास सोडा. मी तर एक रात्रच सोडेन.

मधला थांबा दोन तासांपेक्षा कमी नको. वयस्कांसाठी तीन-चार बरे.

थांबा कुठला यावर अंतर बदलतं. लंडनवरून गेलात तर एकूण १२,७५० किलोमीटर, म्हणजे थेट मार्गापेक्षा जेमतेम दोन-अडीचशे जास्त. मुंबईहून दुबईवरून १२,९०० च्या आसपास. पण कोणी सिंगापूरवरून स्वस्त तिकीट दाखवलं तर आधी दोरा ताणा: सिंगापूर-न्यूयॉर्कच १५,३०० किलोमीटरहून जास्त आहे, जगातल्या सर्वांत लांब विमानसेवांपैकी एक, अठरा-एकोणीस तासांची. त्याआधी मुंबईहून उलट्या दिशेला पाचेक तास. हजार-दोन हजार रुपयांसाठी अर्धी पृथ्वी फिरू नये.

पायरी ७: विमानतळाचं तीन अक्षरी नाव जुळवा

मुंबईत आता दोन विमानतळ आहेत. जुना सहारचा 'बीओएम' आणि डिसेंबर २०२५ पासून सुरू झालेला नवी मुंबईचा 'एनएमआय'. एकीकडून दुसरीकडे जायला मुंबईची वाहतूक मधे आहे. सहारलाही टर्मिनल दोन आहेत, टी-१ आणि टी-२, एकमेकांपासून लांब, रिक्षा, टॅक्सी किंवा मेट्रोने जावं लागतं. परदेशी विमानं टी-२ वरून. रिक्षावाल्याला नुसतं 'एअरपोर्ट' म्हणू नका.

सीएसएमटीला उतरून भुयारी मेट्रोने थेट टी-२ ला जाता येतं. दोन मोठ्या बॅगा आणि ज्येष्ठ माणसं असतील तर मी टॅक्सीच म्हणेन. मध्यरात्री मेट्रो नसते हेही लक्षात असू द्या.

न्यूयॉर्कलाही तसंच: जेएफके, न्यूअर्क आणि लाग्वार्डिया असे तीन. न्यू जर्सीत एडिसनच्या बाजूला राहणाऱ्यांना न्यूअर्क जवळ. आम्ही जेएफकेला उतरलो आणि जावयाला सकाळच्या गर्दीत आख्खं न्यूयॉर्क ओलांडावं लागलं. तो काही बोलला नाही, पण परतीचं तिकीट त्यानेच बघितलं.

पायरी ८: कागद

हे पटकन सांगते, कारण यावर सगळेच लिहितात. एका पारदर्शक पाकिटात, हातातल्या पिशवीत:

पासपोर्ट (मुदत परतीनंतरही सहा महिने असलेली बरी) आणि व्हिसा. जुन्या पासपोर्टवर व्हिसा असेल तर दोन्ही पासपोर्ट.

परतीचं तिकीट छापलेलं. मोबाइलची बॅटरी ऐन वेळी दगा देते.

लेकीचा पूर्ण पत्ता आणि फोन नंबर, कागदावर, इंग्रजी मोठ्या अक्षरांत.

प्रवास विमा. औषधांची चिठ्ठी, औषधाच्या मूळ नावासह.

पासपोर्टसाठी आता पुण्याला जायलाच हवं असं नाही, सोलापुरात पोस्टातलं पासपोर्ट सेवा केंद्र आहे. व्हिसासाठी मात्र मुंबई.

अमेरिकेत पहिल्यांदा ज्या विमानतळावर उतराल तिथेच इमिग्रेशन होतं आणि तिथेच बॅगा ताब्यात घ्याव्या लागतात, पुढे दुसरं विमान असलं तरी. त्या रांगेचे एक-दोन तास हिशोबात धरा. अबू धाबीवरून जाणाऱ्या अमेरिकेच्या विमानांसाठी ही तपासणी तिथेच करण्याची सोय आहे. म्हणजे अमेरिकेत उतरल्यावर सरळ बाहेर, पण मग अबू धाबीचा थांबा मोठा हवा.

पायरी ९: खाणं आणि बॅग

कडक भाकरी न्या. प्रवासासाठी याहून चांगला पदार्थ कोणी शोधलेला नाही. पंधरा तासांत मऊ पडत नाही, वास मारत नाही, सांडत नाही. शेंगाचटणी मात्र मोठ्या बॅगेत टाका. हातातल्या पिशवीत पुडीभर ठीक, पण अमेरिकेच्या विमानात मोठ्या प्रमाणातली पूड सुरक्षा तपासणीत अडवतात. लोणचं, तूप, दही हे सगळं त्यांच्या लेखी द्रव, हातातल्या पिशवीत १०० मिलीच्या वर चालत नाही.

ताजी फळं, बिया, रोपं, मांसाचे पदार्थ अमेरिकेत नेऊ नका. लेकीला अंगणातली कढीपत्त्याची फांदी द्यावी असं मलाही वाटलं होतं. विचारलं तर खाण्याचे पदार्थ आहेत म्हणून खरं सांगा. खरं सांगितल्यावर फार तर एखादी वस्तू काढून घेतात, लपवलं तर दंड करतात.

पायरी १०: गोळ्यांचं घड्याळ

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ह्यांची रक्तदाबाची गोळी रोज सकाळी आठची. न्यूयॉर्कला उतरलो तेव्हा तिथे पुन्हा सकाळचे आठ! ह्यांनी गोळी काढली हातात. आपल्या आठला घेतलेल्या गोळीला तेव्हा जेमतेम साडेनऊ तास झाले होते.

मी मनगटावरचं घड्याळ सोलापूरच्या वेळेवरच ठेवलं होतं, मोबाइल आपोआप न्यूयॉर्कचा झाला. पहिले दोन दिवस गोळी मनगटाच्या घड्याळावर घेतली. सोलापूरचे सकाळचे आठ म्हणजे तिकडचे आदल्या रात्रीचे साडेदहा. नंतर हळूहळू वेळ सरकवली, तीही निघण्याआधी डॉक्टरांना विचारून. इन्शुलिन घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांकडून तासांचा तक्ताच लिहून घ्यावा, स्वतःचं डोकं चालवू नये.

विमानात दर दीड-दोन तासांनी उठून चाला, पाणी प्या, पाय हलवत राहा. मधल्या वाटेलगतच्या खुर्चीसाठी तिकीट काढतानाच आग्रह धरा. खिडकीजवळ बसून दोन माणसांना उठवायची लाज वाटते आणि मग माणूस तसाच बसून राहतो. ज्येष्ठांनी व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवावी. त्यात कमीपणा कसला? जेएफकेच्या त्या लांबच लांब रांगेत ह्यांच्या गुडघ्यांनी माझे आभार मानले.

झोपेचं म्हणाल तर शरीर दिवसाला साधारण एक तास जुळवून घेतं. म्हणजे साडेनऊ तासांच्या फरकाला आठ-दहा दिवस. पहिल्या आठवड्यात रात्री दोनला टक्क जाग येते. आम्ही दोघं स्वयंपाकघरात अंधारात बसून उरलेली कडक भाकरी मोडून खायचो, आवाज होऊ नये म्हणून दुधात बुडवून. पाचव्या रात्री लेकीने दिवा लावला आणि तिसरा पेला काढून आमच्यात येऊन बसली.